पहारेकरी थांबलाय

हे घडलंय. वाचून झाल्यावर "काय थापा मारतेस!" म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मला राग येणार नाही. मलासुद्धा तसंच म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

पण मी तिथे होते. हातात चहाचा ट्रे घेऊन.

आणि रात्रबित्र काही नव्हती. रविवारची दुपार होती, लख्ख ऊन होतं. ताईचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. त्या दुकानातला हवा भरायचा पंप दिवसभर फसफस करत असतो. नव्या माणसाचं डोकं उठतं, ताईच्या घरच्यांना तो ऐकूही येत नाही.

त्या दुपारी मात्र तो बंद झालेला सगळ्यांना ऐकू आला...

पण ते नंतर. आधी भाऊजी.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चाचणीची फ्रेम चढवायची, एकेक भिंग सरकवायचं आणि विचारायचं, "हे स्पष्ट, की हे?" दिवसभर हेच. माणूस सरळ, कष्टाळू, चहात तीन चमचे साखर घेणारा. मेहुणी म्हणून मी त्यांची भरपूर टिंगल केलीय, पण माणूस सोन्यासारखा.

फक्त एक खोड होती. भाऊजी जळायचे.

आणि ज्याच्यावर जळायचे, तो मेलेला होता.

त्याला सगळे पंच म्हणत. ताईचा कॉलेजपासूनचा मित्र. ताई, पंच, एक वकीलबाई आणि एक बेकरीवाला, अशी चौकडी दर रविवारी ताईकडे टेबलावरचा एक खेळ खेळायची. तुम्ही खेळला नसाल तर थोडक्यात सांगते. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. तुमचं माणूस दरी ओलांडतं की खाली पडतं, ते फासा ठरवतो. आणि फाशाचा अर्थ नियम ठरवतात. नियम म्हणाल तर ढीगभर.

तर पंचनं त्या सगळ्या नियमांचा एक कोश करून इंटरनेटवर टाकला होता. शब्द लिहा, नियम समोर. कुठकुठले लोक तो वापरायचे. त्यालाच जोडून त्यानं एक टेबलही बनवलं होतं, म्हणजे पडद्यावरचं. ताईनं काढलेला नकाशा टीव्हीवर दिसायचा. ताई आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशेच काढते, त्यामुळे तिच्या गुहासुद्धा मापात असायच्या. नकाशावर प्रत्येकाची गोल सोंगटी. बाजूच्या पट्टीत सगळ्यांची नावं, आणि ज्याची पाळी त्याच्या नावावर उजेड. फासे फोनवरून टाकायचे. बटण दाबलं की टीव्हीतून लाकडी फाशांचा आवाज यायचा. खड... खड... खड.

वकीलबाई गोष्ट चालवायच्या. बेकरीवाला उंदीर नावाचा चोर व्हायचा. ताई व्हायची घार, सगळ्यांच्या पुढे जाऊन वाट शोधणारी.

आणि पंच व्हायचा पहारेकरी. तो घारीच्या मागे चालायचा. कायम.

भाऊजी तेव्हा खेळत नसत. रविवारी दुपारी ते स्वयंपाकघरात बसून पेपर वाचायचे. एकच पान तासभर. बाहेरून ताईचं हसू ऐकू यायचं. ताईचं ते हसू वेगळंच होतं. मान मागे टाकून, अगदी पोटातून. सोमवार ते शनिवार तसं हसू त्या घरात कोणी ऐकलेलं नव्हतं.

"मला 'अहो' म्हणते," भाऊजी एकदा मला म्हणाले, "आणि त्याला 'अरे'."

"मग तुम्हाला काय 'अरे' म्हणायला हवंय?" मी खिदळले.

भाऊजी हसले नाहीत. "एकदा म्हणून तर बघू दे."

पंच अचानक गेला. चांगला हिंडताफिरता माणूस. सकाळी ऑफिसात कोसळला आणि दुपारी फोन आला. ताई महिनाभर धड जेवली नाही. भाऊजींनी तिला सांभाळलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. पण आतल्या आत त्यांना काय वाटलं, ते त्यांनी मला फार नंतर सांगितलं. त्यांना वाटलं, सुटलो.

सुटले कसले!

पंचनंतरच्या पहिल्या रविवारी चौकडीतले तिघं जमले. उजेड सरकत सरकत पहारेकऱ्याच्या नावावर आला आणि थांबला. तिथून पुढचं बटण दाबायचं वकीलबाईंच्या हातून होईना. शेवटी बेकरीवाल्यानं नाक पुसलं आणि हळूच म्हणाला, "थांबलाय."

त्या खेळात आपल्या पाळीला काही करायचं नसेल तर 'थांबलोय' म्हणतात. बेकरीवाला सवयीनं बोलून गेला, पण सगळ्यांना ते एकदम पटलं. पंच गेला नाही. पंच थांबलाय.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. पहारेकऱ्याची सोंगटी कोणी काढली नाही. ताई स्वतः ती घारीबरोबर पुढे सरकवायची. त्याच्या नावावर उजेड आला की तिघंही एका सुरात म्हणायचे, "थांबलाय." मग पुढचा. दर रविवारी, दर फेरीला. एका दुपारीत किती वेळा, देव जाणे.

त्याची खुर्चीही रिकामीच ठेवायचे.

भाऊजींच्या पोटात दुखायला लागलं. जिवंत माणसाशी भांडता येतं हो. त्याच्यासमोर दार आपटता येतं, त्याच्या शर्टाला नावं ठेवता येतात. मेलेल्याचं काय वाकडं करणार? तो दिवसेंदिवस चांगलाच होत जातो.

मग भाऊजींनी ठरवलं. आपणही खेळायचं.

त्यांनी आपल्या पात्राचं नाव ठेवलं ढाल. का, ते सांगायला नकोच. बायकोच्या पुढे उभं राहायचं होतं त्यांना.

"अहो, घारीला कशाला हवी ढाल?" ताई सहज बोलून गेली. "पहारेकरी आहे ना."

भाऊजींनी तो घोट गिळला.

नियम शिकायला म्हणून त्यांनी दुकानात तो कोश उघडला. गिऱ्हाईक नसलं की वाचायचे. प्रत्येक नियमाखाली पंचनं एकेक उदाहरण दिलेलं होतं, नवख्यांना समजावं म्हणून.

त्यांनी 'पडणे' काढलं. *उदाहरण : घार कड्यावरून घसरते. पहारेकरी तिचा हात धरतो.*

'ओझे' काढलं. *घारीचा पाय मुरगळला आहे. पहारेकरी तिला पाठीवर घेतो.*

'अंधारात पाहणे.' *पहारेकऱ्याला अंधारात दिसत नाही. पण घार कुठे आहे, हे त्याला कळते.*

भाऊजी एकामागून एक नियम उघडत गेले. सगळीकडे ती दोघं! अख्ख्या जगासमोर, नियमाच्या नावाखाली! बाहेर कोणीतरी शेवटी काउंटर ठोठावला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बराच वेळ एक आजोबा चष्म्याची तुटकी काडी घेऊन उभे आहेत.

त्या नादात 'थांबणे' हा नियम तेवढा त्यांनी वाचला नाही. त्यात काय वाचायचंय, असं त्यांना वाटलं. इतकी वर्षं स्वयंपाकघरात बसून दुसरं केलं काय होतं!

त्या रात्री जेवताना ते ताईला म्हणाले, "ती सोंगटी काढ."

"कोणती?"

"तुला माहितेय कोणती."

ताईनं हातातला घास खाली ठेवला. "एक गोल चित्र आहे हो पडद्यावर. तुमचं काय घेतोय तो?"

"माझी जागा."

"वेडे आहात का? तो गेलाय!"

"मग जाऊ दे ना त्याला!"

ताई उठून गेली. आठवडाभर घरात कामापुरतं बोलणं. मीठ दे, किल्ली कुठाय, एवढंच.

आता तो रविवार.

सकाळी ताई भाजी आणायला गेली. तिचा लॅपटॉप टेबलावर उघडाच होता, दुपारच्या नकाशासकट. भाऊजी हातात टॉवेल घेऊन आंघोळीला निघाले होते. जाता जाता वळले.

नकाशावर घारीची सोंगटी होती. तिला अगदी चिकटून पहारेकऱ्याची.

भाऊजींनी त्या सोंगटीवर बोट ठेवलं. मग 'काढून टाका' दाबलं. यंत्रानं विचारलं, खरंच काढायचं? परत आणता येणार नाही.

भाऊजी म्हणाले, "नकोच आहे परत." आणि दाबलं.

सोंगटी गेली. भाऊजी आंघोळ करताना चक्क शीळ घालत होते म्हणे.

मी दुपारी पोचले. मी खेळत नाही, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी आपली ताईला भेटायला जाते आणि चहा करते. सगळे जमले. टीव्ही लागला.

"अरे, पहारेकरी कुठे गेला?" बेकरीवाला म्हणाला.

नकाशावर तो नव्हता. पट्टीतही त्याचं नाव नव्हतं. फक्त त्याच्या जागी एक रिकामी चौकट राहिली होती.

ताईनं भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी चष्मा पुसायला लागले, आणि माणूस कधीही विनाकारण चष्मा पुसत नाही, निदान चष्मेवाला तरी.

"खेळू या," ताई म्हणाली. तिचा आवाज असा कोरडा मी कधी ऐकला नव्हता.

मी चहा टाकायला आत गेले. दार उघडं होतं, सगळं दिसत होतं.

गोष्टीत दोराचा पूल होता. घार नेहमीसारखी पुढे. उंदीर मागे. मग उजेड त्या रिकाम्या चौकटीवर आला... आणि सवयीनं तिघांच्याही तोंडून निघालं, "थांबलाय."

नाव नव्हतं. सोंगटी नव्हती. तरी म्हणाले.

वकीलबाई स्वतःच चपापल्या. त्यांनी पुढचं बटण दाबलं. फेऱ्या झाल्या. मग त्या म्हणाल्या, "पूल तुटतो. घार पडतेय."

ताईनं फासा टाकला. हुकला.

आता ढालीची पाळी होती. भाऊजी ताठ बसले. अहो, याच क्षणासाठी तर ते खेळायला बसले होते! बायको पडतेय, आणि धरणारे आपण. त्यांनी फोन उचलला. बटणाकडे बोट नेलं...

आणि खालचा पंप बंद झाला.

अशी शांतता मी त्या घरात कधी अनुभवली नव्हती. गॅसवरच्या चहाचा आवाजसुद्धा मोठा वाटायला लागला.

मग टीव्हीतून आवाज आला.

खड... खड... खड...

"मी दाबलं नाही," भाऊजी म्हणाले.

कोणीच दाबलं नव्हतं. बाकीच्यांचे फोन टेबलावर पालथे होते.

फासा थांबला. त्यावर येऊ शकतो तो सगळ्यात मोठा आकडा आला. आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

*पहारेकरी मध्ये आला.*

*पहारेकरी घारीचा हात धरतो.*

पट्टीतला उजेड सरकला. ढालीचं नाव होतं तिथे आता पहारेकरी लिहिलेलं होतं. आणि ढाल...

ढाल त्या रिकाम्या चौकटीत जाऊन बसली होती. विझलेली.

बेकरीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. वकीलबाईंनी कोश उघडला. घाबरलं तरी वकील तो वकीलच. त्यांनी वाचून दाखवलं.

"थांबणे. थांबलेला खेळाडू पुढे कोणाच्याही पाळीत मध्ये येऊ शकतो. तो आला, की ती जागा त्याची होते. आणि जागा ज्याची होती, तो त्याच्याऐवजी थांबतो. किती काळ थांबावे, याला मर्यादा नाही."

त्या अडखळल्या.

"पुढे वाचा," भाऊजी म्हणाले.

"उदाहरण : घार पडेपर्यंत पहारेकरी काहीही करत नाही."

सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं असणार. रविवारमागून रविवार, फेरीमागून फेरी आपण काय म्हणत आलो होतो ते. 'गेला' कोणी म्हणालंच नव्हतं. तिघांनी मिळून त्याला थांबवून ठेवलं होतं.

"नियमात बसतं," वकीलबाई पुटपुटल्या.

भाऊजींनी ताईकडे पाहिलं. तिचा उजवा हात टेबलावर होता, रिकाम्या खुर्चीच्या बाजूला. बोटं अशी आवळलेली, पेरं पांढरी पडलेली... जणू कोणीतरी घट्ट धरून ठेवलाय.

आणि ती हात सोडवून घेत नव्हती.

भाऊजी म्हणतात, भीती त्यांना नंतर वाटली. आधी वाटला तो मत्सर. एवढं डोळ्यांसमोर घडूनही आधी मत्सरच.

"सोड तिला!" ते ओरडले.

कोणी वर पाहिलं नाही.

मग आणखी एक गोष्ट झाली. ती आठवली की आजही माझ्या अंगावर काटा येतो. वकीलबाईंनी मान हलवली, जशी डुलकी लागलेला माणूस हलवतो तशी, आणि पुढचं बटण दाबलं. खेळ चालू झाला. अगदी काही झालंच नाही असा. फेरी पुरी झाली. उजेड ढालीच्या चौकटीत आला.

"मी भाला फेकतो," भाऊजी म्हणाले.

तिघं एका सुरात म्हणाले, "थांबलाय."

"अरे! मी बोलतोय! इथे बसलोय मी!"

पुढचा.

ताई मान मागे टाकून हसत होती.

मी ट्रे घेऊन बाहेर आले. एकेकाला कप दिला. एक वकीलबाईंना. एक बेकरीवाल्याला. एक ताईला. माझा मी घेतला. आणि शेवटचा कप ठेवला... रिकाम्या खुर्चीसमोर.

भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कप नव्हता.

मी तो शेवटचा चहा उचलून चाखला. बिनसाखरेचा होता. पंच तसाच घ्यायचा. मी तो केव्हा वेगळा काढला, का काढला, मला आठवत नाही. आईशप्पथ आठवत नाही.

तेवढ्यात खाली पंप फसफसायला लागला. बेकरीवाल्यानं डोळे चोळले. ताई भाऊजींना म्हणाली, "अहो, तुमचा चहा कुठाय?" सगळं जागच्या जागी आलं. यंत्रात जुनं काहीतरी अडकून राहिलं असेल, असं बेकरीवाला म्हणाला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरं काय करणार?

मला वाटलं, संपलं.

परवा दुपारी भाऊजी माझ्याकडे आले. एकटेच. दाढी वाढलेली. हे आतलं सगळं, जळणं, सोंगटी, ती उदाहरणं, त्यांनी मला तेव्हाच सांगितलं. सांगता सांगता मध्येच थांबून विचारायचे, "तुला ऐकू येतंय ना मी बोलतोय ते?"

"येतंय की भाऊजी. काय झालंय तुम्हाला?"

"दुकानात गिऱ्हाईक बसवतो," ते म्हणाले. "फ्रेम चढवतो. विचारतो, हे स्पष्ट, की हे? तर तो आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारतो. आहे का कोणी दुकानात, म्हणून."

"आणि घरी?"

त्यांनी खाली पाहिलं. "घरी ती खूश आहे."

"म्हणजे?"

"बोलत असते. हसत असते. ताट वाढते. मी समोर बसतो, पण ते ताट माझं नसतं गं. मला कळतं ना."

मला भरून आलं. मी त्यांना चहा करून दिला, तीन चमचे साखर घालून, आठवणीनं. ते दोन्ही हातांनी कप धरून बसले. मी खेळायला बसले नव्हते, म्हणूनच बहुधा मला ते अजून ऐकू येत होते.

मी म्हटलं, आता ताईशी बोलायलाच हवं. त्यांच्यासमोरच फोन लावला.

ताईनं लगेच उचलला. आवाज कसा छान, मोकळा.

"ताई," मी म्हटलं, "भाऊजी कुठायत गं?"

"घरीच! हा काय, माझ्यासमोर बसलाय."

मी भाऊजींकडे पाहिलं. ते माझ्या खुर्चीत बसले होते. माझ्या घरात.

"समोर... काय करतायत?"

"काय करणार! चहा पितोय. बिनसाखरेचा, नेहमीसारखा." आणि मग फोन बाजूला धरून ती कोणालातरी म्हणाली, "अरे, हिला आज तुझी फार चौकशी!"

तिकडून आवाज आला. बोलण्याचा नाही.

खड... खड... खड...

मी फोन ठेवला. भाऊजी माझ्या तोंडाकडे बघत होते, आशेनं. इतक्या आशेनं, की खरं सांगायची माझी छातीच झाली नाही.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

वेळ मारून न्यायला तोंडात आलं ते बोलून गेले.

"काही नाही, भाऊजी. थांबा म्हणाली."

शब्द तोंडातून गेला, आणि मग माझ्या लक्षात आलं, आपण काय म्हणून बसलो ते.

भाऊजींनी कप खाली ठेवला. मान डोलावली. पुढे काहीतरी बोलले. त्यांचे ओठ हललेले मला स्पष्ट दिसले.

ऐकू काहीच आलं नाही.